ओला बल्ब, कोरडा बल्ब

रेवा, किल्ली शिडीच्या खालच्या पायरीला बांधली आहे.
आठ दिवस मला गच्चीवर चढायचं नाही.
डॉक्टर म्हणाला, वाकायचं नाही, धूळ नको,
आणि मे महिन्यात आपल्या नंदानगरात
धुळीशिवाय आहे काय.

आत गेलीस की आधी दार लाव.
मग भिंतीवर बघ, काचेच्या दोन नळ्या शेजारी शेजारी:
एक कोरडी, दुसरीच्या बुडाला मलमलीची वात.
वात वाटीत बुडालेली हवी.
दोघींत तीन-चार अंशांचा फरक, म्हणजे बरं चाललंय.
दहा झाला, तर लू आत शिरली समज.
वाळ्याचे पडदे भिजव, फरशीवर पाणी मार,
फॉगर पाच मिनिटं.

ते यंत्र गिरणीचं. लूम शेडमध्ये सत्तावीस वर्षं
हवा ओली ठेवणं हीच माझी नोकरी.
हवा कोरडी पडली की सूत तुटायचं,
सूत तुटलं की अख्खं खातं
माझ्या आईबहिणीची आठवण काढायचं.
सुताला मानवायची ती हवा
रज्जबच्या छातीला मानवली नाही.
तो नोझल साफ करायचा आणि खोकायचा,
आणि मी वहीत लिहायचो: आर्द्रता योग्य.
फाटकाला कुलूप लागलं त्या संध्याकाळी
हे मी डब्याच्या पिशवीतून घरी आणलं.
चोरलं म्हण हवं तर.
माझा पगार त्यांच्याकडे, त्यांचा थर्मामीटर माझ्याकडे.

पाण्याचं नीट ऐक.
तुझं नाव रेवा, म्हणून रागावू नकोस,
पण नर्मदेचं पाणी या घटपर्णींना चालत नाही.
तुझी आजी त्यावरून चार दिवस बोलली नव्हती माझ्याशी.
त्या पाण्यात डोंगर विरघळलेत,
पानांच्या कडा पांढऱ्या पडतात, मुळं काळी.
भंडाऱ्यांच्या एसीतून गळतं ते घाल,
निळ्या कॅनमध्ये साठवलंय.
कुंडीत माती नाही, नारळाची सोडणं, कोळसा, शेवाळ.
बोट खुपसून बघ. ओलं हवं, पाण्यात उभं नको.
घटात काही ओतू नकोस.
आतलं पाणी तिचं तिनं केलेलं असतं.

आणि खत नको. एकदा मी मायेनं शेणखत घातलं.
पानं हातभर झाली, तकतकीत,
आणि वर्षभर घट एकही नाही.
पोट भरल्यावर भांडं कोण घडवेल?
हे वाक्य युनियनच्या सभेत बोललो असतो
तर मार खाल्ला असता.

गल्लीतली मुलं येतील विचारायला,
काका, ये मुँह कब बंद करेगा?
सांग त्यांना, बंद होत नाही.
झाकण आहे ते पावसासाठी.
माशी आपल्या पायांनी येते, काठावर घसरते,
ओढत कोणी नाही.
तरी बोटं घालू देऊ नकोस.

सुकलेला दिसला म्हणून घट लगेच कापू नकोस.
वर तपकिरी झाला तरी खाली हिरवा असतो,
तिथं अजून पाळी चालू असते.

पंखा रात्रीही चालू ठेव. हवा कोंडली की बुरशी.
मी खालीच असेन, डोळ्यावर हिरवी पट्टी,
पंखा थांबला तर तुझ्याआधी मला कळेल.

शेवटच्या रांगेत, खिडकीकडून दुसरी,
तिच्या पानाच्या दोऱ्याला टोकाशी
करंगळीएवढा एक घट फुगतोय.
झाकण अजून चिकटलेलं आहे.
या आठ दिवसांतच उघडेल, मला माहीत आहे.
उघडला की खाली येऊन सांग.

रंग मात्र सांगू नकोस.
पट्टी सुटेपर्यंत तुझ्यापाशी राहू दे.