प्लॉट नंबर त्रेचाळीस

ओडेसा पिंकनीला पत्ता हवाय.
औषधांसाठी, मतासाठी,
गाडीच्या नव्या पाटीसाठी.

ॲरिझोनाच्या वाळवंटातला हा तळ,
महिना नव्वद डॉलर: एक नळ, विजेचा खांब,
आणि चुन्याने आकडा घातलेला दगड.
मॅनेजर डुएन म्हणाला, बूट झटकून घाल, विंचू असतात.
आणि पावती जप. इथे तीच भिंत.

साठ मैलांवरच्या कचेरीत
काचेपलीकडची पोरगी मान वर न करता विचारते,
"इथे कायम राहायचा इरादा आहे?"

ओहायोत एकाच घरात चाळीस वर्षं काढली,
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.
मग हॉस्पिटलचं बिल आलं,
आणि घरही गेलं
नवऱ्याच्या मागोमाग.

तिला हसू येतं.
बिऱ्हाड पाठीवर असलेल्याला
असं विचारतात का?
"हो," म्हणते,
आणि सही करते, जरा जास्तच दाबून.

परत येते तो
कुणाच्या तरी ट्रकने दगड उपडा केलेला.
ती आधी काठीने खालचं तपासते,
मग दोन्ही हातांनी तो उलटवते,
त्रेचाळीस रस्त्याकडे करून ठेवते.

पोस्टमन फाटकाच्या आत येत नाही.
तरी.