समान की वेगळी

प्राचीनं फोन चार्जिंगला लावला, म्हणाली,
"पप्पा, आता हात लावू नका.
सकाळपर्यंत सगळं वर जातंय."
वर म्हणजे कुठं, मी विचारलं नाही.
आमच्या उद्यमनगरात वर म्हणजे पत्रा,
आणि पत्र्याला भोकं.

अकरा वाजता फोन अडला. जागा भरली म्हणे.
फुकटची संपली, पुढं महिन्याला पैसे.
म्हटलं थांब, आधी कीस झाडून काढतो.
काढला.
व्हर्नियरचे आकडे, चलनं,
रिजेक्ट होऊन आलेली एक बुश, सतरा बाजूंनी,
कुणाकुणाचे शुभ सकाळचे गुलाब,
माझ्याच अंगठ्याचे फोटो,
खिशात बटण दाबून निघालेले काळेकुट्ट फोटो.
ते पुसताना जरा थांबलो.
एवढा अंधार मी काढला कधी?

मग खाली खाली जुनं लागलं.
आईचा अल्बम. सोळा साली, कशासाठी आठवत नाही,
एकेक पान उन्हाला धरून फोनमध्ये घेतलं होतं.
प्लास्टिकवर माझ्या हाताची सावली आलीय.
आई नांदणीच्या मठाबाहेर, चप्पल हातात.
आई भिशीच्या बायकांत, नेमके डोळे मिटलेली.
आण्णा नि मी एका सायकलवर,
डावं पेडल त्याचं, उजवं माझं,
आणि हँडल कुणाच्याच हातात नाही.

पुढच्या वर्षी वाटणी झाली.
मोठी लेथ मला, अल्बम आण्णाला.
घरी येताना वाटलं, जिंकलो.

एकोणीस साली बापट कॅम्पात त्याच्या घरात
माळ्यापर्यंत पाणी.
उतरल्यावर म्हणे त्यानं पानं दोरीवर वाळत घातली,
चिमटे लावून, बनियनशेजारी.
चेहरे एकमेकांवर उतरले होते.
आईच्या कपाळावर कुणाची तरी मिशी.
वहिनी हे तिसऱ्याजवळ बोलल्या,
तिसऱ्यानं मला सांगितलं.
माझ्याकडं होते सगळे.
मी "अरेरे" म्हटलं
आणि फोन खिशात ठेवला.

पावणेदोन वाजता स्क्रीनवर दोन गोल आले.
एकात मी, परवाच्या खंडेनवमीला,
लेथला झेंडूचा हार घालतोय.
दुसऱ्यात आण्णा, बारा सालची खंडेनवमी,
तीच लेथ, तसाच हार, तशीच वाकलेली मान.
खाली प्रश्न:
ही समान व्यक्ती आहे की वेगळी?

नाक बघितलं. कानाची पाळी बघितली.
सात वर्षं कागदावर तर पक्कं आहे,
भूपाल मगदूम विरुद्ध जिनदत्त मगदूम.
वेगळं शटर, वेगळं मीटर,
मधल्या भिंतीच्या विटांचे पैसेसुद्धा निम्मे निम्मे.
ह्या यंत्राला कुणी नोटीस धाडली नाही वाटतं.

तीन बटणं होती.
समान. वेगळी. खात्री नाही.
कामात पाव सूत इकडंतिकडं मी सोडत नाही,
पोरं शिव्या घालतात पाठीमागं.
दाबलं: खात्री नाही.

फोन रागावला नाही.
पुढचा गोल दाखवला, आई आणि प्राची,
तोच प्रश्न.
मी चष्मा काढून ठेवला.

पहाटे दूधवाल्याच्या गाडीनं जाग आली.
प्राची फोन बघत उभी. "झालं की, पप्पा.
अकरा हजार दोनशे सहा. आता कुठला पूर येऊ दे."
म्हटलं, एक राहिलाय.
"कुठला?"
सायकलचा.
"तो पण गेलाय की वर. हे बघा."
वर न्हाई गं.
खाली. बापट कॅम्पात.

ती काही बोलली नाही. नंबर शोधायला लागली.
मीच सांगितलं, ज मध्ये बघू नकोस,
'आण्णा वर्कशॉप' म्हणून असेल.
आणि आधी विचार कुणाला तरी,
त्याच्या घरात रेंज येती काय.