ओकांची सून

न्यू मॉल्डनच्या हाय स्ट्रीटवर, ड्रायक्लीनरच्या काउंटरपलीकडून
तिनं नाव सांगितलं तेव्हा मला वाटलं,
कुणा ओकांची सून असेल.
ओक-सून.
पावतीच्या पाठीवर तिनं ते तिच्या अक्षरांत काढलं :
एक गोल, त्याखाली आडवी काठी,
शेजारी घराचं छप्पर.
मी का हसले, हे तिला सांगायला
अकरा वर्षं लागली.

आता ऑक्टोबरची तिकिटं काढली आहेत.
मी आणि स्लाउच्या वन्सं,
दोघींचे मिळून तीन चांगले गुडघे.
वन्संना राजवाड्यापुढे भाड्याचा झगा घालून फोटो हवाय,
कैरीच्या रंगाचा, छातीपासून फुगत जाणारा.
साठीच्या आत एकदा, म्हणतात.
साठी गेल्या वर्षीच झाली.

वहीच्या डाव्या पानावर बघायचं, उजव्यावर खायचं.
उजवं पान आधी भरलं.
मुगाचं धिरडं, बाजारात, उभ्यानं.
तिळाच्या तेलातला पालक.
तांदळाच्या उकडीत तीळ भरलेले, कळ्या न पाडलेले मोदक,
हळदीच्या पानाऐवजी पाइनच्या काड्यांवर वाफवलेले.
(सोमवारी वन्सं त्यांचं कोबीचं लोणचंही खाणार नाहीत,
त्यात कोळंबी असते. समासात नोंद केली.)

पौर्णिमा गेल्यावर जा, ओक-सून म्हणाली,
त्या दिवसांत सगळं बंद,
जो तो आपापल्या पितरांपाशी.
म्हणजे यंदा कोजागिरी तिथे नाही. बरं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की इस्त्रीच्या वाफेत ती वाक्यं शिकवते.
मी. भात. खाल्ला.
अगदी आपल्याच रांगेत!
तीस वर्षं इंग्रजीत मी क्रियापद पुढे ओढत आले,
पाहुण्याला दारातूनच ओढावं तसं.
इथे त्याला शेवटी, सावकाश बसू देतात.
शिवाय जेवलास का वेगळं, जेवलात का वेगळं.

परवा वही तिच्यापुढे ठेवली.
तिनं दोन्ही पानं वाचली.
मग कोऱ्या पानावर किनारा काढला, वरून खाली,
आणि अगदी तळाशी एक ठिपका.
मोकपो.
तिथे काय बघायचं?
काही नाही. समुद्र.
एक खानावळ होती. भाऊ चालवायचा.

नाव सांग म्हटलं, आणि हातात होतं त्या पेननं लिहिलं.
योंग-चॉल.
ती एकदम थांबली.
पान फाडलं, चार घड्या घालून एप्रनच्या खिशात टाकलं,
आणि निळ्या शाईनं पुन्हा लिहून दिलं,
किनारा, ठिपका, नाव.
बऱ्याच वेळानं, हँगर लावता लावता म्हणाली,
जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहीत नाहीत.
आहे ना तो? हे माझ्या ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात कुणीतरी पडदे घेऊन आलं.

राजवाडा आता एका सकाळीत बसवलाय.
मोकपोला दोन रात्री.
वन्सं दोन दिवस फोनवर बोलल्या नाहीत,
तिसऱ्या दिवशी विचारलं,
तिथे झगा मिळतो का गं भाड्यानं?

काल तिनं एक कोट दिला,
लोकरीचा, पारदर्शक पिशवीत, कॉलरला गुलाबी चिठ्ठी.
माप कुणाचं, विचारलं.
तो घर सोडून मला बंदरावर पोचवायला आला होता तेव्हाचं.
न्हाणीघरातल्या काट्यावर आधी मी चढले,
मग कोट घेऊन चढले.
एक किलो सहाशे.
वन्संच्या खाऊच्या डब्यातून तेवढं कमी करावं लागणार.

सकाळी दोनशे तेराच्या स्टॉपवर वाक्य घोकते.
तुमच्या बहिणीनं.
कोट.
पाठवला आहे.
शेवट आदरार्थी, मोठ्या माणसाला बोलतात तसा.
शेजारची शाळकरी पोरगी वळून बघते,
मी तिलाच म्हणून दाखवते.