दुय्यम प्रत

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर
खालून तिसरा रकाना वर्तणुकीचा.
बावीस वर्षं मी तिथं एकच शब्द लिहीत आले: चांगली.
कुणी वाचत नाही तो.
लग्नपत्रिकेतल्या आग्रहासारखा असतो.

वैजनाथ सातपुतेच्या दाखल्यावर मात्र पेन थांबला.
आदल्या दिवशी त्यानं प्रयोगशाळेच्या काचा फोडल्या होत्या,
हेडसरांच्या गाडीच्या टाकीत वाळू ओतली होती,
आणि मला जे म्हणाला
ते मी घरीसुद्धा सांगितलं नाही.
लाल पेन सापडेना. निळ्यानंच लिहिलं:
असमाधानकारक.
अक्षर वळणदार आलं होतं, आठवतंय.

दोन वर्षांनी त्याची मावशी आली,
गंगाखेडच्या बसस्टँडमागं खानावळीत पोळ्या लाटते ती.
कोपरापर्यंत पीठ. पिशवीत दाखल्याचे तुकडे,
सेलोटेपनं जोडलेले, त्यातला एक नव्हताच.
कुठला, ते मी विचारलं नाही.
"सतरा नंबरचा फॉर्म भरायचा म्हंतो, मॅडम.
म्हंजे तो नाही म्हंत. मीच म्हणायले."

मोंढ्यात गेले.
सोयाबीनच्या कट्ट्यांवर आडवा, तोंडावर रुमाल.
मुनीम म्हणाला, हिशोबाला पोरगं पक्कं आहे.
मला धागा सापडल्यासारखं झालं.
अरे, मग गणित येतंच की तुला!
रुमालाखालून आवाज आला,
"कट्टा पन्नासचा, भाव कालचा.
यात क्ष कुठं असतो, मॅडम?"

दुसऱ्यांदा गेले तर तो नव्हता,
किंवा होता आणि नाही म्हणून सांगितलं.

तिसऱ्यांदा काहीच समजावलं नाही.
म्हणाले, तो शब्द मी रागात लिहिला होता.
तो उठून बसला.
"कामून सांगायल्या आता?"
दुय्यम प्रत काढायची आहे. सही लागते. पाचला ये.

तो सव्वासातला आला.
मी जनरल रजिस्टर उघडलं.
नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी, अक्षरी.
वर्तणूक रजिस्टरात नसतेच.
ती कुठून आली,
हे शोधायला मला कपाट उघडावं लागलं नाही.
लिहिलं: चांगली.
त्यानं वाचलं. खोटं आहे, म्हणाला.
म्हटलं, पहिलंही पूर्ण खरं कुठं होतं.

मग शिपाईमामांची चावी, ऑफिसातली एक ट्यूब,
दोन दिवस यायचा, पाच दिवस गायब.
दिवाळीनंतर तर तीन आठवडे.
त्याला काय झालं होतं, मला अजून माहीत नाही.
गावाकडं प्रत्येकाचं एक कारण तयार आहे:
बाप, मोबाइल, संगत, आईचं पुण्याला जाणं.
मी एकही उचललं नाही. मला एवढंच येतं,
कुठल्या अर्जाला काय जोडायचं.

एका रात्री ओठ फुटलेला.
वर्गसमीकरणं बाजूला ठेवली, भूगोल काढला.
त्यानं ब्राझीलच्या नकाशात ॲमेझॉन रंगवली,
निळा खडू संपेस्तोवर, समुद्रापर्यंत.
"ही उन्हाळ्यात आटत नसल, न्हाई का?"
वर्षभरात त्यानं मला विचारलेला
अभ्यासाचा हा पहिला प्रश्न.
उत्तर मला येत नव्हतं.

मार्चमध्ये केंद्र दुसऱ्या शाळेत आलं.
काहीतरी पाकीट पोचवायचं निमित्त करून गेले.
वर्गाबाहेर चपलांचा ढीग.
त्यातली एक, अंगठ्याशी तांब्याच्या तारेनं आवळलेली.
ती ओळखून
मी खिडकीशी न जाता
पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले, उगीच.

तो अर्धा तास आधीच बाहेर आला.
मी घड्याळ बघितलं, त्यानं बघताना बघितलं.
"लिहिलं," म्हणाला. "पुरवणीबी घेतली एक."
मग चप्पल शोधत बसला,
पायानंच, वाकायचा कंटाळा.

बीजगणित सोमवारी आहे.
मध्ये रविवार, मोंढा बंद.