खांद्याचा उतार

रिगाच्या नाट्यगृहात, तळघरात,
झाइगा कोट सांभाळते. एकतीस हिवाळे.
माणसं तिला चेहऱ्यांनी आठवत नाहीत;
कॉलरच्या आतल्या मळाने आठवतात,
आणि खांद्यांनी.

कुणाचेच खांदे सारखे नसतात, ती म्हणते.
व्हायोलिनवाल्याचा डावा वर,
पोस्टातल्या बाईंचा उजवा बोटभर खाली.
हँगर मात्र सगळे
शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे.

म्हणून रविवारी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर
बर्चची फळी, कानस, सरस.
पहिल्यावरून रेशीम घसरलं.
दुसऱ्याला खाचा पाडल्या, तर अस्तर टरकलं,
तेही शेजारच्या इमांत्सच्या लग्नातल्या कोटाचं.
तो काही बोलला नाही.
सरसाची बाटली तेवढी परत घेऊन गेला.

तिसऱ्याच्या मानेत तिने गोटी बसवली,
मोडक्या खुर्चीच्या चाकातली.
आता कोट अडकवला की
लाकूड क्षणभर डोलतं,
मग कोटाच्या बाजूला कलतं,
कमी ऐकू येणाऱ्याने
कान पुढे करावा तसं.

व्यवस्थापक म्हणाले, छान. पण चारशे लागतील,
आणि रांगेत सगळे सरळ दिसले पाहिजेत.
झाइगाने मान हलवली.
हो की नाही, ते त्यांना कळलं नाही.

प्रयोग सुटला. बाहेर उणे अठरा.
शेवटचा कोट देऊन झाल्यावर
दाराआडच्या खिळ्यावरून तिने आपला काढला.
मानेखाली उंचवटा आलेला,
खिळ्याच्या डोक्याएवढा.
अंगठ्याने दाबला.
पुन्हा वर आला.