दोन सूत

सोमवार. उद्यमनगरात लेथ बंद.
शाळेतून वहीत चिठ्ठी आली,
चार घड्या घालून, कुणाचं उसनं परत करावं तशी:
पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या.
पाल्य माझी, राजनंदिनी, तिसरी ब.
कोपऱ्यात बसून खाजवत नव्हती,
मुद्दाम.

तिची आई सीपीआरला, दिवसपाळी.
फोनवर म्हणाली, जमंल का ओ तुम्हाला?
अगं, शाफ्टवरचा केसभर फरक मी बोटानं सांगतो.
इथं तर केसच आहेत.

खालच्या आक्का जिना चढून आल्या.
आधी रॉकेल म्हणाल्या, मग सीताफळाच्या बिया वाटून.
वीस वर्षं रॉकेलनं हात धुतोय, आक्का,
कातडं कसं उलतंय ते मला विचारा.
आणि बी डोळ्यात गेली तर
ऊ मरंल, पण पोरगी बघंल कशानं?
मग कापूनच टाका की, म्हणाल्या.
नंदू तेव्हा पहिल्यांदा रडली.

म्हणून तेल. बचकभर खोबरेल,
उवा सुस्तावतात, पळत नाहीत.
खिडकीशी पाट, मांडीवर पांढरा टॉवेल,
पापाच्या तिकटीवरनं आणलेली स्टीलची फणी,
दात इतके दाट, की फीलर गेज अडावा.

कानामागं. मानेवर.
मुळापासून टोकापर्यंत एका दमात,
दर ओढीला फणी टॉवेलवर पुसायची.
पहिली निघाली ती तिळाएवढी,
पाय हलवत, चकित,
जणू तिच्या घराचं छप्पर कुणी उचललं.
नखावर नख. टच्च.
बाबा, मला मारू दे.
दुसरी तिनं मारली. अकरापर्यंत मोजल्या,
मग दोघांचाही हिशेब चुकला.

लिखा मात्र हट्टी,
केसाला वेल्डिंग मारल्यासारख्या.
मुळापासून दोन सुतांच्या आत असली तर जित्ती धरायची,
त्याच्या पुढं केस वाढून गेला, तर बहुतेक टरफल.
सूत म्हणजे?
इंचाचा आठवा हिस्सा.
तुमच्या पुस्तकात नाही, पण माझं पोट त्याच्यावर चाललंय.

कुणाकडनं आल्या, मी विचारलं नव्हतं.
तीच म्हणाली, तोंड भिंतीकडं:
गोष्टीचं पुस्तक एकच होतं.
मी आणि सन्मतीनं डोक्याला डोकं लावून वाचलं.
आता तिची आई तिला माझ्याजवळ बसू देत नाही.
आपण घाण आहोत का?

फणी तशीच राहिली हातात.
उवेला घाण कळत नाही, म्हटलं,
स्वच्छ कळत नाही, जात न् इयत्ता कळत नाही.
तिला ऊब तेवढी कळते.

मग फणी कढत पाण्यात,
रिबिनी, टोप्या, उशांचे अभ्रे बादलीत.
दुधाच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल:
आज, पाचवा, नववा, तेरावा.
आज एक लिख नजरेतनं सुटली
तर आठवड्यात तिची ऊ होते;
एका पासमध्ये फिनिश येत नाही, हे लेथनंच शिकवलंय.
तेराव्यानंतर दर सोमवारी नुसतं बघायचं.

रात्री तिची आई आली,
चपला काढल्या आणि काही न बोलता पाटावर बसली.
तिच्या डोक्यात तीन.
माझ्या डोक्यात एक.
आक्कांना सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी कामावरनं आलो
तर दारात दोन चपला जास्त.
सन्मती आत, तिची आई जिन्यातच,
ओढणीचं टोक पिळत.
भाऊजी, मला बारकं दिसत नाही ओ आता.

ट्यूबलाइटखाली दुसरा पाट मांडला.
टॉवेल दोन, फण्या दोन, तेवढं पाळायचं.
आणि दोघींच्या डोक्यांत वीतभर जागा, म्हटलं,
कडक आवाजात.
मधे त्यांनी पुस्तक उघडलं.

मी मान घालून कानामागं बघत राहिलो.
वर बघितलं,
तर वितीचं दोन सूत झालं होतं.