वरच्या खोलीतला

दर दुसऱ्या शनिवारी, पाथर्डी फाट्याला
पगारेच्या गच्चीवरल्या पत्र्याच्या खोलीत
आम्ही एक राज्य उलगडतो.
नऊ वर्षं. नकाशा घड्यांवर फाटलाय,
उत्तरेला तर्री सांडली होती
तिथे आता ज्वालामुखी आहे. मीच ठरवलं.

झुबेर सातपूरहून शिफ्ट संपवून येतो,
साबणाने दोनदा हात धुतो
आणि चेटकीण होतो.
मृण्मयी फुंकर मारून फासा टाकते,
वीस बाजू, तरी तिला नेमका एक पडतो.
"पूल तुटला."
"दर वेळी माझ्याच पायाखाली?"

परवा पगारेने नकाशावर बोट ठेवलं :
ही नदी इथे दक्षिणेला वळते बघ,
रामकुंडापाशी वळते तशी.
मला नऊ वर्षांत दिसलं नव्हतं.

त्याच वळणावर एक पांथशाळा आहे
(बाकीचे लॉज म्हणतात).
सुहृद रॉटरडॅमला गेला त्या रात्री
त्याचा बुटका कुऱ्हाडवाला तिथे झोपला,
बूटसुद्धा न काढता.
पहिले काही शनिवार सुहृद फोनवरून खेळला.
मग तिकडे मूल झालं, इकडे रेंज जायची.

"मारून टाक ना त्याला," झुबेर म्हणाला,
"लढताना वगैरे. चांगलं मरण दे."
मी फासा उचलला.
परत ठेवला.

आम्ही युद्धं जिंकून त्याच वाटेने परततो.
लॉजवाला भाडं मागत नाही,
लॉजवाला मीच.
फक्त सांगतो, वरून घोरण्याचा आवाज येतोय.
कुणी काही बोलत नाही.
पगारे चहा ओततो, पाच कप,
मग एक परत किटलीत.